बदली सोलापूरला: बिऱ्हाड लावण्याचा हिशेब

सरकारी आणि बँकांच्या बदल्या निघतात एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे बाहेरच्या माणसाला सोलापूर पहिल्यांदा दिसतं ते 42-43 अंशांत, भर दुपारी, स्टेशनबाहेर रिक्षा शोधताना. शहराचं नाव निम्मं तिथंच खराब होतं. उरलेलं निम्मं पहिल्या आठवड्यात, तीन दिवस नळाला थेंब आला नाही की. हीच बदली डिसेंबरात झाली असती तर हुरड्याच्या शेतात बसून माणसानं वेगळंच मत बनवलं असतं. पण डिसेंबरात बदल्या होत नाहीत.

आम्ही वेगवेगळ्या खात्यांतले चार-पाच जण. बदलीवर आलो, राहिलो, आणि मागून येणाऱ्यांची बिऱ्हाडं लावून द्यायचं काम हळूहळू आमच्याच गळ्यात आलं. त्यातून जी रीत बसली ती इथे लिहितो आहोत. सोलापूरची बदनामी तीन गोष्टींवर उभी आहे: पाणी, ऊन आणि तोंडातला 'बे' ('काय बे' मधला). तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांची जी कारणं बाहेर सांगितली जातात ती बहुतेक चुकीची आहेत. पाण्याचं तर सगळ्यात जास्त, म्हणून सुरुवात तिथूनच.

घर बघायला जायचं ते त्या भागात पाणी येतं त्या दिवशी. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की पूर्व भागातली एखादी पेठ, प्रत्येक भागाचा दिवस वेगळा आणि वेळही वेगळी. घरमालकाला विचारा, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं तर जास्त खरं उत्तर मिळतं. 'चार दिवसांआड' आणि 'चौथ्या दिवशी' या दोन बोलण्यांत एक दिवसाचा फरक आहे, आणि चौघांच्या घरात एक दिवस म्हणजे 400 लिटर. म्हणून 'किती दिवसांनी' असं विचारूच नका. मागचं पाणी कोणत्या तारखेला आलं आणि त्याच्या आधीचं कोणत्या, हे विचारा. मग ते किती वाजता आलं आणि किती वेळ टिकलं तेही. पहाटे तीनचं पाणी असेल तर घरातलं कोण उठणार, हे भाडं ठरवण्याआधी ठरवलेलं बरं.

मग दाब. 15 लिटरची बादली नळाखाली ठेवायची आणि घड्याळ लावायचं. मिनिटभरात भरली तर तासाला 900 लिटर. पाणी तीन तास टिकलं तर 2,700. भरायला दोन मिनिटं लागली तर तेवढ्याच वेळात 1,350. पहिल्या घरात चार माणसं पाच दिवस निवांत राहतात. दुसऱ्या घरात चौथ्या दिवशी टँकरवाल्याला फोन जातो. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात आणि भाडंही सारखंच असतं.

गरज किती, तेही एकदा कागदावर मांडावं. शहरासाठीचा सरकारी निकष माणशी रोज 135 लिटरचा आहे. साठवून वापरणाऱ्या घरात 100 पुरतात, कारण नळ सोडून भांडी घासायची सवय आपोआप जाते. चार माणसं, पाच दिवस: 2,000. उन्हाळ्यात कुलर रोज 40-50 लिटर पितो, त्याचे 250. कधी लाइन फुटते, कधी पंपाची वीज जाते आणि एखादी पाळी चुकते; त्यासाठी दोन दिवसांची शिल्लक, म्हणजे 800. एकूण 3,000 च्या पुढे. 5 बाय 5 बाय 4 फुटांचा हौद म्हणजे 100 घनफूट, साधारण 2,830 लिटर. एवढा हौद, गच्चीवर 1,000 ची सिंटेक्स आणि न्हाणीघरात 200 चं एक बॅरल असेल तर घर घ्यावं. बॅरल जुनाट वाटतं, पण पाणी यायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली की हौदातलं पाणी हौदातच राहतं आणि अंघोळ बॅरलच्या जिवावर होते. हौदाचं तोंड माणूस आत उतरू शकेल एवढं आहे ना, तेही बघून घ्या. नाहीतर तो धुणार कसा?

बोअर असेल तर चांगलंच, पण त्यावर भिस्त नको. खाली काळा कातळ. भेगेत पाणी लागलं तर लागलं, शेजारच्या प्लॉटवर कोरडी धूळ. आणि लागलं तरी ते बहुधा जड असतं: तोटीवर पांढरा थर, डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. बोअरचं पाणी धुण्याला आणि संडासाला, नळाचं पाणी पोटात. दोन्हींची पायपिंग वेगळी आहे का, हे बघणारा भाडेकरू सहसा नसतो. तुम्ही बघा.

आता पाणी येण्याच्या दिवसाचं. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवून गेला की नळातून आधी फुसफुस हवा येते, मग लालसर गढूळ पाणी. चार दिवस रिकामी पडलेली लाइन असते ती. पाणी बंद झालं की आतला दाब जातो आणि जिथे जोड सैल आहे तिथून आजूबाजूचं, प्रसंगी गटाराचं, पाणी आत ओढलं जातं. पहिली 10-15 मिनिटं ते हौदात जाऊच द्यायचं नाही. झाडांना, अंगणाला, फरशीला सोडायचं. नितळ झालं की आधी पिण्याचं भरायचं, मग हौद, मग बॅरल. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात: हौदाचा कॉक कायम उघडा ठेवतात, पहिला गढूळ लोट हौदात जातो आणि वर 'सोलापूरचं पाणी घाण' असं म्हणायला मोकळे.

मोटर थेट नळाच्या लाइनला जोडायची नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय मोटर नुसतं पाणी ओढत नाही. सैल जोडातून जे मिळेल ते सगळं ओढते. गल्लीत एकानं मोटर लावली की पुढच्या चार घरांचा दाब पडतो, मग तेही लावतात, आणि सगळी गल्ली एकमेकांचं गटार पिते.

पाण्यातलं क्लोरीन साठवणीत दोन-तीन दिवसांत उडून जातं. म्हणून पहिल्या दिवशी गाळून चाललं तरी तिसऱ्या दिवसापासून उकळून प्यावं. आरओ बसवला असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरा. लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं आणि पाच दिवसांच्या पाण्यात एवढी चैन परवडत नाही. ते फरशी पुसायला चालतं. कुलरमध्ये मात्र घालू नका, क्षारांनी जाळी बसते.

साठवलेल्या पाण्याची खरी किंमत मोजावी लागते डासांत. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस. इथे बहुतेक जण चुकतात: बॅरल उपडं करतात आणि लगेच पुन्हा भरतात. अंडी पाण्यात तरंगत नसतात, पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्महिने जिवंत असतात. काथ्यानं आतली भिंत घासायची, वाळवायचं, मग भरायचं, वर सुती कापड ताणून दोरीनं बांधायचं. हौद आठवड्याला रिकामा करणं परवडत नाही. त्यात गप्पी मासे सोडावेत, चार-पाच पुरतात. कुलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे मात्र सगळेच विसरतात.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग दुष्काळी गाव म्हणतात ते खोटं कुठे? इथे उजनीचा हिशेब समजून घ्यावा लागतो. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. साठा एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले साधारण 63 मृतसाठ्यात धरतात आणि वरचे 53 उपयुक्त. पेपरात जी टक्केवारी छापून येते ती फक्त या 53 ची. म्हणून 'उजनी वजा 50 टक्के' ही बातमी वाचून पुण्या-मुंबईचे नातेवाईक काळजीनं फोन करतात, तेव्हा धरणात अजून 36-37 टीएमसी पाणी असतं. 'मृत' म्हणजे संपलेलं नव्हे; कालव्याच्या दारातून आपोआप वाहत नाही एवढंच. शेतीला ते मिळत नाही, पिण्यासाठी उचलून घेता येतं.

आता शहराला लागतं किती? 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 9,51,558 होती. हिशेबाला 10 लाख माणसं आणि माणशी 150 लिटर धरा. रोजचे 15 कोटी लिटर, वर्षाचे 5,475 कोटी. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. वर्षाची गरज दोन टीएमसीच्या आत बसते. 117 च्या धरणातून दोन! ज्या वर्षी उजनी ऑगस्टात काठोकाठ भरून खाली पाणी सोडावं लागतं, त्याही वर्षी नळाला चार-पाच दिवसांनीच पाणी येतं. तेव्हा टंचाई आभाळात शोधण्यात अर्थ नाही. ती शंभरेक किलोमीटरच्या पाइपात, उंच टाक्यांच्या कमी संख्येत आणि गल्लीतल्या जुन्या लाइनींत आहे.

शहराला पाणी तीन वाटांनी येतं: उजनीहून थेट जलवाहिनीनं, भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून टाकळीला उचलून, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून, जो इंग्रजांच्या काळातला आहे. यातली मधली वाट सगळ्यात उधळी. औज भरायला धरणातून नदीत पाणी सोडतात, आणि ते शहराच्या वाट्याला येईपर्यंत वाळू पिते, ऊन पितं, काठच्या मोटरी पितात. बंधाऱ्यात जेवढं पोचवायचं त्याच्या कित्येक पट सोडावं लागतं. उजनीपासून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकायचं काम हाती घेतलं गेलं ते यासाठीच. पण धरणातून शहरात पाणी आणणं आणि टाकीतून नळापर्यंत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत; पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आणखी एक गंमत. सोलापूरला कोरडं ऊन पडलेलं असताना उजनी भरत असते, कारण पाऊस पडतो सह्याद्रीत, मावळात. म्हणून पावसाळ्यात इथला माणूस आपल्या आभाळाकडे कमी आणि दौंडहून उजनीकडे येणाऱ्या विसर्गाकडे जास्त बघतो. 'दौंड किती?' हा जुलै-ऑगस्टमधला चहाच्या टपरीवरचा प्रश्न असतो, आणि उत्तर क्युसेकमध्ये मिळतं. नवीन माणसाला हा प्रश्न कळायला लागला की तो मुरला असं धरावं. राहिली दुष्काळी जिल्ह्याची गोष्ट: राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर मोडतं. ऊस हवा खाऊन वाढत नाही.

आता ऊन. पारा 42-43 ला जातो, कधी त्याही वर, हे खरंच. पण ऊन कोरडं आहे. मुंबईच्या 34 अंशांत अंगाला चिकटणारा घाम इथे चिकटायच्या आत वाळतो. त्याचा फायदा असा की पाण्याचा कुलर इथे जसा चालतो तसा कोकणात चालूच शकत नाही. बाहेर 42 आणि हवेत ओलावा 20 टक्के असेल तर नीट बसवलेला कुलर 28 च्या आसपासची हवा देतो, आणि तेही 150-200 वॉटमध्ये. एसीला दीड हजार लागतात.

नीट बसवलेला म्हणजे कसा, यात सगळं आहे. कुलर खिडकीबाहेर, सावलीत. पाठीला मोकळी हवा. खोलीत ठेवून दार लावून घेतलं तर तो खोलीतलीच ओली हवा पुन्हापुन्हा फिरवतो, अर्ध्या तासात गादी दमट आणि माणूस चिंब. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं हवंच. आत आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. सुरू करताना आधी नुसता पंप, पाच मिनिटांनी पंखा, म्हणजे जाळी पूर्ण भिजते. पाणी नळाचं. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करायची, नुसतं वर पाणी ओतत राहिलं तर क्षार साठत जातात. वाळा लावला तर वास सुंदर येतो, पण गवताची जाळी दर हंगामाला बदलावी लागते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कुलरचा गुण संपतो. 'कुलर बिघडला' म्हणून मिस्त्रीला बोलावू नका. हवेत ओल आलीय, पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

सगळ्यात वरचा मजला स्वस्तात मिळतो, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. जुन्या पेठांत माळवदाची घरं अजून थोडी उरलीत. हातभर जाड भिंती आणि वर मातीचा थर, दुपारीही आत गार. ती मिळाली तर नशीब. नाहीतर फेब्रुवारीअखेर गच्चीला चुना मारून घ्यावा. आधी गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्यायच्या. विरलेला चुना रात्रभर भिजवून, कापडानं गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळायचा, नाहीतर पहिल्या पावसात सगळा चुना पन्हाळीतून जातो. दोन हात, पहिला वाळल्यावर आडवा दुसरा. 100 चौरस फुटांना तीनेक किलो चुना लागतो. काम सकाळी उरकायचं. तापल्या स्लॅबवर मारलेला चुना धरत नाही, पापुद्रे निघतात. आणि गॉगल लावा, पांढऱ्या गच्चीवरची तिरीप डोळ्यांना वाईट.

बाकी दिवसाची घडी इथली माणसं बसवतात तशी बसवावी: बँक, बाजार, दवाखाना अकराच्या आत, दुपार घरात, आणि गाव पुन्हा सुरू होतं ते सहानंतर. पार्क चौपाटीवर रात्री गर्दी दिसते ती उगाच नाही.

तिसरी तक्रार बोलण्याची. ऑफिसात पहिल्याच दिवशी कोणीतरी 'काय करालास बे?' म्हणतो आणि पुण्याहून आलेला माणूस दिवसभर घुमा बसतो. 'बे' बरोबरीच्या माणसाला लागतो. म्हणजे तुम्हाला आपल्यात घेतलंय. वडीलधाऱ्याला कोणी 'बे' म्हणत नाही. तिथे 'काका', 'मालक', आणि पूर्व भागात 'अण्णा', 'अक्का'. तिथले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, विजापूर-अक्कलकोटच्या बाजूचे कन्नड, आणि मराठीत या सगळ्यांची लय उतरली आहे. 'करालाव', 'जालाव' ही रूपं अडाणीपणाची नाहीत, तीन भाषांच्या शेजाराची आहेत. तुम्ही स्वतः मात्र पहिले सहा महिने 'बे' वापरू नका. सूर चुकला की शिवी होते.

इंग्रजांच्या दफ्तरातही हे गाव दंगेखोर म्हणून लागलेलं. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. रिक्षावाला 'चार पुतळा' म्हणतो तो चौक यांचा, आणि पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेसही यांच्याच नावाची. दर शनिवारी तिच्यात बसून पळणारे पुणेकर हे नाव कशाचं, ते फारसं विचारत नाहीत.

धुळीबद्दल आमच्याकडे उपाय नाही. रोज दोनदा झाडायचं. रोजगाराची तक्रारही खरी आहे: मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्या त्यांची जागा कशानं भरली नाही, आणि शिकलेली पोरं पुण्याला जातात. इथे बचाव करण्यासारखं काही नाही.

चादर घेताना एक लक्षात ठेवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावानं मिश्र धाग्याचा माल सर्रास विकला जातो. खरी चादर जेकार्ड मागावर विणलेली, सुती, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. एका बाजूचे रंग दुसरीकडे उलटे दिसतात. किनारीचा एक धागा जाळून बघावा: कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. शेंगाचटणी मिक्सरची घेऊ नका. उखळात कुटलेलीला तेल सुटतं, मिक्सरमध्ये नुसतं कूट होतं. कडक भाकरी डब्यात पंधरा दिवस टिकते, कारण हवाच कोरडी. कालवणात कुस्करून पाच मिनिटं मुरू द्यायची. घाई केली तर दात दुखतील. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत बाहेरगावी जाऊ नका आणि पाहुणे बोलवायचेच तर तेव्हा बोलवा. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, आणि त्याच सुमाराला शेतावर हुरडा. मंगळवेढ्याकडची ज्वारी काळ्या रानात फक्त मुरलेल्या ओलीवर येते. तिचा हुरडा शेंगाचटणीशी खायचा असतो, फोनवर फोटो काढायला थांबलात तर गार होतो.

तीन वर्षांनी बदली निघाली की घर सोडण्याचीही रीत आहे. हौद शेवटच्या पाण्याआधी रिकामा करून, घासून ठेवायचा, म्हणजे पुढच्याला ताजा भरलेला मिळतो. कुलरची जाळी काढून वाळवून पोत्यात बांधायची. स्वयंपाकघराच्या दाराआड पेन्सिलीनं पाण्याच्या तारखा लिहिण्याची पद्धत आहे. मागच्या भाडेकरूच्या, त्याच्याही मागच्याच्या. घरमालक रंग देताना तेवढा चौकोन सोडतो. आपल्या शेवटच्या पाण्याची तारीख, वेळ आणि किती तास टिकलं ते त्याखाली लिहायचं आणि चावी मालकांच्या हातात द्यायची.